दोम्निकामावशीने रस्ता अडवला

दोम्निका मुंत्यानला आमच्या शाळेची पोरं मावशी म्हणायची आणि नाक्यावरचे लोक ‘ती बया’ म्हणायचे. दोघांनाही ती एकाच आवाजात ओ द्यायची. तिरास्पोल शहराच्या रस्त्यांवर उमेदीची सगळी वर्षं ट्रॉलीबस चालवलेल्या बाईचा तो आवाज. वरच्या तारेवरून दांडे निसटले की भर चौकात गाडी थांबवायची, जाड हातमोजे चढवायची, मागे जाऊन दोर ओढून दांडे पुन्हा तारेवर बसवायची आणि मागे भोंगे वाजवणाऱ्यांचा असा उद्धार करायची, की ते शब्द मी इथे लिहू शकत नाही. मी शाळेत शिकवते.

तिचा बाप मोल्दोव्हन, आमच्या गोर्नेश्त गावचाच. आई रशियन. न्यूरा आजी महायुद्धानंतर व्होल्गाकाठाहून इथल्या फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला आली, दोम्निकाच्या बापाशी लग्न करून इथेच राहिली आणि मरेपर्यंत मामालिगाला, म्हणजे आमच्या मक्याच्या घट्ट पिठल्याला, नावं ठेवत ती रोज खात राहिली. घरात आईशी रशियन, अंगणात बापाशी मोल्दोव्हन. दोन भाषांमध्ये भांडण असतं, हे दोम्निकाला बरंच उशिरा कळलं. आणि ते तिला घरात कळलं नाही, बाहेरच्यांनी येऊन सांगितलं.

एक्क्याण्णव साली सोव्हिएत संघाचं मोठं राज्य मोडलं आणि मोल्दोव्हा स्वतंत्र झाला. निदान आम्हाला तसं सांगण्यात आलं. निस्त्रू नदीच्या डाव्या काठाची आमची चिंचोळी पट्टी मात्र पुढच्याच वर्षी लढाई करून वेगळी निघाली. वेगळी कुणाच्या जोरावर निघाली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रशियाची फौज आधीपासून इथे होती. राज्य गेलं, फौज गेली नाही. लढाई थांबल्यावर त्याच फौजेने दंडावर नवी पट्टी बांधली आणि ती शांतिसैनिक म्हणून आमच्याच रस्त्यांवर उभी राहिली. आपल्या घरात घुसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारावर पहारेकरी नेमावं, तसा प्रकार. आणि आपण त्याचे आभार मानायचे!

मग आले पट्टीचे नवे कारभारी. त्यांनी ठरवलं की मोल्दोव्हन भाषा रशियन अक्षरांतच लिहायची, जशी जुन्या राज्यात लिहायचे. नदीपलीकडे सगळा देश लॅटिन लिपीत लिहितो, पुस्तकं त्या लिपीत, वर्तमानपत्रं त्या लिपीत, पुढच्या शिक्षणाची कॉलेजं त्या लिपीत. आमच्या पोरांनी मात्र दुसऱ्या कुठेच न चालणारी अक्षरं गिरवायची, म्हणजे ती मोठी झाल्यावर जातील कुठे? पूर्वेला. दुसरीकडे जायची सोयच ठेवायची नाही.

आमची शाळा लॅटिन लिपीत शिकवायची. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही गेलो तर दाराला नवं कुलूप, आणि दारात हत्यारी शिपाई. काळे फळे, बाक, प्रयोगशाळेतल्या माझ्या काचेच्या नळ्या, सगळं आत. आम्ही बाहेर. शेवटी पोयाना गावच्या शाळेने आसरा दिला. पोयाना आमच्याच काठावर, पण मोल्दोव्हाच्या ताब्यातलं. सकाळी त्यांचे वर्ग, दुपारी आमचे. गोर्नेश्तहून पोयानाला जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये हमरस्ता, आणि हमरस्त्यावर नाका.

मोल्दोव्हाच्या राजधानीतून एक जुनी पिवळी बस मिळाली. पहिल्या चालकाच्या घराच्या काचा फोडल्या गेल्या, तेव्हा तो किल्ली देऊन निघून गेला. पालकांची सभा भरली. सगळे खाली माना घालून बसलेले. दोम्निकाची लेक इलेआना तेव्हा पाचवीत. दोम्निका मागे उभी होती, ती म्हणाली, “बसला दांडे नाहीत ना वर?”

“नाहीत,” मी म्हटलं.

“मग सोपं आहे. द्या इकडे किल्ली.”

तिरास्पोलची नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली. न्यूरा आजीने घर डोक्यावर घेतलं. “डोकं फिरलंय तुझं! पेन्शन जाईल!” दोम्निका म्हणाली, “जाऊ दे. तुझी आहे ना, त्यात भागवू.”

नाक्यावर आडवा दांडा, दांड्यापाशी पट्टीच्या कारभाऱ्यांचे जकातवाले, आणि चार पावलांवर, वाळूच्या पोत्यांआड, रशियन शांतिसैनिक. जकातवाल्यांचा म्होरक्या म्हणजे आमच्याच गल्लीतला स्लाविक. त्याची आई आणि न्यूरा आजी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. लहानपणी दोम्निकाने त्याला तिरास्पोलमध्ये फुकट फिरवलं होतं, पुढच्या सीटवर बसवून. आता तो रोज तिची गाडी थांबवायचा.

पहिल्याच सप्टेंबरमध्ये बसमधून नव्या पुस्तकांची खोकी चालली होती. स्लाविकने ती खाली उतरवायला लावली. पाऊस भुरभुरत होता.

“मावशी, ही पुस्तकं जाणार नाहीत.”

“का रे? बाँब आहेत त्यात?”

“परदेशी छापील माल आहे. वरून हुकूम आहे.”

“वरून म्हणजे कुठून? आभाळातून?”

“मावशी, उगाच त्रास देऊ नका. माझीही नोकरी आहे.”

“नोकरी! शाबास रे. तुझ्या आईने माझ्या आईकडून साखर उसनी नेऊन तुला दूध पाजलं, ते या नोकरीसाठी?”

मी शांतिसैनिकांकडे गेले. एक तरुण अधिकारी होता. त्याला रशियनमध्ये म्हटलं, “तुम्ही इथे शांतता राखायला आहात ना? मुलांची पुस्तकं पावसात भिजताहेत. काहीतरी बोला.”

तो म्हणाला, “हे आमचं काम नाही. आम्ही यात पडत नाही.” आणि त्याने तोंड फिरवलं.

‘आम्ही यात पडत नाही.’ हे वाक्य त्यानंतर इतक्यांदा ऐकलं की पोरं खेळताना त्याची नक्कल करायची. एखाद्याने दुसऱ्याला ढकललं की तिसरा छाती काढून म्हणायचा, आम्ही यात पडत नाही! पुस्तकं दुपारभर भिजली. पुढचं वर्ष आम्ही तीन मुलांत एक पुस्तक वाटून शिकवलं.

वसंतात मॉस्कोहून पाहुणे यायचे. महायुद्धाच्या विजय दिनाला हुतात्मा स्मारकावर फुलं वाहायचे, भाषणं करायचे, आपली माणसं, आपलं रक्त, वगैरे. मागे टेबलं मांडलेली, तिथे रशियाचे पासपोर्ट द्यायचे. लोक रांगेत उभे राहायचे. मी कुणाला दोष देत नाही, इथल्या पासपोर्टवर पलीकडचं शेतसुद्धा गाठता येत नाही. पण डाव बघा. आधी माणसाचा देश मोडायचा, मग त्याला आपला कागद द्यायचा, आणि मग जगाला सांगायचं की इथे आमची माणसं राहतात, त्यांच्या रक्षणासाठी आम्हाला थांबावंच लागतं.

स्लाविक एकदा दोम्निकाला म्हणाला, “घेऊन टाका ना पासपोर्ट. तुमची तर आई अस्सल रशियन. काही विचारणार नाहीत.”

“आई रशियन आहे म्हणून तर नको,” दोम्निका म्हणाली. “रशियन माणूस कसा असतो ते मी घरी बघितलंय. तो असा दारात टेबल टाकून बसत नाही.”

मग दोन हजार पाचचा फेब्रुवारी उजाडला. ओली थंडी, शेतांवर मळकट बर्फ. दुपारी आम्ही नाक्यावर पोचलो तर स्लाविक दांडा उचलेना. नवा नियम आला होता. पलीकडच्या नंबराची गाडी प्रवासी घेऊन जाणार नाही. बस परत न्या. मुलांना हवं तर चालत जाऊ द्या, पण एकेकाचं दप्तर तपासून आणि ‘परदेशी नागरिक’ म्हणून नोंद करून.

“कोण परदेशी?” दोम्निकाने विचारलं.

“मुलं. नियमानं.”

“ही पोरं? त्या तुझ्या पाठीमागच्या इस्पितळात जन्मली ही. तू पण तिथेच जन्मलास. तुला बाहेर काढताना दाईला घाम फुटला होता, माझ्या आईने सांगितलंय मला.”

मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं. स्लाविकचे कान लाल झाले. तो ओरडला, “गाडी फिरवा! लगेच!”

“फिरवते,” दोम्निका म्हणाली.

आणि तिने खरंच गाडी फिरवली. जराशी मागे घेतली, चाकं वळवली, आणि हमरस्त्यावर नाक्याच्या तोंडाशी बस बरोबर आडवी आणून उभी केली. एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला वाळूची पोती. इंजिन बंद. किल्ली काढून तिने बुटात टाकली आणि सीटवर मागे रेलून बसली.

“मावशी, हे काय?” मी विचारलं.

“फिरवली ना. तो म्हणाला फिरव.” मग तिने आरशातून पोरांकडे पाहिलं. “डबे उघडा रे. आज इथेच जेवायचं. बाई, तुमचा तास घ्या. कुठला आहे?”

“हृदय,” मी म्हटलं. “रक्ताभिसरण.”

“मग घ्या की. मी पण ऐकते.”

मी बसमध्ये उभी राहून हृदयाचे कप्पे शिकवले. बाहेर शिपाई काचा ठोकत होते. पोरांनी डब्यातल्या प्लाचिंता, चीज भरलेल्या पोळ्या, एकमेकांत वाटल्या. तीन आया नाक्याशी धावत आल्या आणि बसच्या पुढे हातात हात घालून उभ्या राहिल्या. हमरस्त्यावर दोन्ही बाजूंना रांग लागली. मालट्रक, दुधाची गाडी, गावाकडची बस. चालकांना वाटलं अपघात झाला. कळल्यावर काहींनी शिव्या घातल्या, एका दूधवाल्याने मात्र पोरांसाठी खिडकीतून दही दिलं.

स्लाविक मोबाईलवर वरच्यांशी बोलत होता. वरचे आणखी वरच्यांना विचारत होते. दिवस कलायला लागला तेव्हा उत्तरेकडून शांतिसैनिकांचे हिरवे ट्रक आले. पुढे जीप, जीपमध्ये कर्नल. त्यांची तुकडी बदलायची होती आणि वाटेत आमची पिवळी बस. कर्नल उतरला. धिप्पाड, थकलेला माणूस. त्याने बसकडे पाहिलं, आयांकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि स्लाविकला म्हणाला, “जाऊ दे त्यांना.”

बस्स. तीन शब्द. स्लाविकने एक प्रश्न विचारला नाही. दांडा वर गेला.

पोरांनी जल्लोष केला. दोम्निका मात्र हलली नाही. ती उतरून सरळ कर्नलसमोर गेली.

“साहेब, एवढंच होतं? ‘जाऊ दे’ म्हणायचं, एवढंच? पुस्तकं भिजली तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, आम्ही यात पडत नाही. पोरांची दप्तरं उलटीपालटी केली, तेव्हाही तेच. आणि आज तुमचे ट्रक अडकले तर तुमच्या एका शब्दावर दांडा वर? मग तो दांडा कुणाचा आहे, सांगा ना. त्याचा की तुमचा?”

“बाई, गाडी बाजूला घ्या,” कर्नल म्हणाला. तो रागावला नव्हता. उत्तर द्यायची गरजच त्याला वाटली नव्हती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळेच.

दोम्निकाने बूट काढला, किल्ली घेतली, आणि आम्ही पोयानाला गेलो.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी बाजारात, सूर्यफुलाचं तेल घेत असताना तिला उचललं. हमरस्ता अडवला, अधिकाऱ्याचा अपमान केला, मुलांना वेठीस धरलं. मुलांना वेठीस धरलं! हे त्यांनी लिहिलं, ज्यांनी मुलांची शाळा कुलूप लावून घेतली. तिरास्पोलच्या कोठडीत ती उन्हाळ्यापर्यंत होती. खटला नाही, वकील नाही. रोज एकच मागणी, माफी लिहून दे, मुलं चालत जातील असं सांग. तिने काही लिहिलं नाही.

आमच्या राजधानीचीही गोष्ट सांगते, नाहीतर खोटेपणा होईल. तिथून एक बडे अधिकारी पोयानाला आले. टीव्हीवाले बरोबर. इलेआनाच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढले. कॅमेरे गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “बाई, जरा सबुरीनं घ्या. मॉस्कोशी नाजूक बोलणी चालू आहेत. अशा वेळी चिथावणी नको.”

“चिथावणी?” मी म्हटलं. “साहेब, आम्ही रक्ताभिसरण शिकवत होतो.”

ते गाडीत बसून निघून गेले. नाजूक बोलणी अजून चालू असावीत.

जूनमध्ये दोम्निकाला सोडलं, म्हणजे मोटारीत घालून नदीवरच्या पुलापाशी नेलं आणि म्हणाले, जा. परत या बाजूला पाऊल टाकलंस तर याद राख. ज्या गावात ती जन्मली, जिथे तिचं घर, आई, अंगणातली द्राक्षांची वेल, तिथे यायची तिला बंदी. ती वळसा घालून होडीने पोयानाला आली. वाळली होती, पुढचा एक दात गेला होता. दात कसा गेला ते तिने कधी सांगितलं नाही. शाळेमागच्या खोलीत लेकीला घेऊन राहू लागली आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बसवर बसली. मुलं आता गोर्नेश्तहून नाक्यापर्यंत दुसऱ्या गाडीने यायची, नाका चालत ओलांडायची, आणि पलीकडे दोम्निका बस घेऊन उभी असायची.

न्यूरा आजी दर रविवारी नाक्यावर यायची. ऐंशी पार केलेली, हातात काठी, दुसऱ्या हातात लोणच्याच्या काकड्यांची बरणी. ती दांड्याच्या त्या बाजूला, लेक या बाजूला. एकदा एका कोवळ्या शांतिसैनिकाने तिला हटकलं, “आजी, इथे उभं राहायची परवानगी नाही.”

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कुठला रे तू?”

“साराटोवचा. व्होल्गाकाठचा.”

“मी पण तिकडचीच. तुझ्या आजीला माहीत आहे का, तू इथे काय करतोस ते? म्हाताऱ्यांना लेकीपासून हाकलायला पाठवलं तुला एवढ्या लांब? तिकडे कामं संपली?”

त्याच्या जागी पुढच्या रविवारी दुसरा होता.

दोन हजार आठच्या शरदात न्यूरा आजी गेली. दोम्निकाने नाक्यावर अर्ज केला, मातीला जाऊ द्या, एका दिवसापुरतं. नकार आला. कर्नलकडे गेलो. आता तो दुसरा कर्नल होता. तो म्हणाला, आम्ही यात पडत नाही.

मग गोर्नेश्तच्या लोकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. अंत्ययात्रा निघाली, पण दफनभूमीकडे वळली नाही. उघड्या शवपेटीसह मालट्रक सरळ हमरस्त्याने नाक्याकडे आला. पुढे पाद्री, मागे सगळी गल्ली. कारखान्यातल्या म्हाताऱ्या रशियन बायका होत्या, मोल्दोव्हन होते, युक्रेनी होते. स्लाविकची आईसुद्धा होती. ती पुढे झाली आणि लेकाला एवढंच म्हणाली, “सरक.”

स्लाविक सरकला. दांडा मात्र त्याने उचलला नाही. दोम्निका दांड्याखालून वाकून गेली. शिपाई पुढे आले. स्लाविक पुटपुटला, “मावशी, पाच मिनिटं. जास्त नाही.”

ती त्याच्याकडे वळली. “माझ्या आईच्या मातीची वेळ तू ठरवणार? तू?”

मग ती ट्रकवर चढली, आईचं कपाळ चुंबलं, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि रशियनमध्ये तिच्या कानाशी काहीतरी बराच वेळ बोलत राहिली. पाद्र्याने सगळे मंत्र म्हटले, एकही गाळला नाही. बायकांनी तिथेच हमरस्त्यावर कोलिवा वाटला, मध घातलेले उकडलेले गहू, शिपायांनाही दिले. एकाने घेतले. मागे गाड्यांची रांग लागली होती, पण त्या दिवशी कुणी भोंगा वाजवला नाही. सगळं आटोपल्यावर दोम्निका पुन्हा वाकून या बाजूला आली. यात्रा मागे वळली आणि आईची माती लेकीशिवाय झाली.

बाहेरचे शहाणे लोक आमच्या या सगळ्याला ‘गोठलेला संघर्ष’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना यात काही गोठलेलं दिसतं, मला तर रोज काहीतरी नवं ओरबाडलं जाताना दिसतं.

पुढे आमच्यासारख्याच शाळांच्या पालकांनी युरोपातल्या न्यायालयात दाद मागितली आणि दोन हजार बारामध्ये निकाल आला, मुलांच्या शिक्षणाचा हक्क हिरावला गेला, आणि याला जबाबदार रशिया. मी धावत बसपाशी गेले. दोम्निका पुढचं चाक बदलत होती. निकाल वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, हात चिंध्यांना पुसले.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “त्या न्यायाधीशांना म्हणावं, हे घेऊन एकदा नाक्यावर या. स्लाविकला वाचून दाखवा.”

“अगं, पण आपण बरोबर होतो असं जगाने मान्य केलं ना!”

“रोदिका, ते मला माहीतच होतं.” तिने पाना उचलला. “मला माझ्या आईच्या थडग्यावर जायचंय. ते यात कुठे लिहिलंय, दाखव.”

मी कागद चाळले. ते त्यात नव्हतं.

मॉस्कोने तो निकाल धुडकावला, तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आज ती साठी ओलांडून पुढे गेली आहे, इलेआना रोमानियात परिचारिका आहे आणि आईला बोलावत असते. दोम्निका जात नाही. पोरं कमी होत चालली आहेत, दर वर्षी एखादं कुटुंब कंटाळून देश सोडतं, आणि मॉस्कोच्या मोठ्यांना नेमकं तेच हवं आहे, आपोआप रिकामी होणारी पट्टी. म्हणून मला संताप येतो आणि म्हणून मी हे लिहिते आहे. काल दुपारी ती नाक्यापाशी उभी होती. पहिलीची दोन नवी पोरं दांड्याखालून आली. एकाच्या दप्तरात शिपायाने हात घातला होता, म्हणून ते रडत होतं. दोम्निकाने त्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, नाक पुसलं आणि म्हणाली, “रडायचं नाही. भोंगा वाजवायचाय तुला? वाजव. जोरात वाजव, त्यांना ऐकू जाऊ दे.”